गिलवेलचं रान आणि मोठ्या माणसांची शाळा

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून निघालेली गाडी ईशान्येला जिथे संपते ते स्टेशन म्हणजे चिंगफर्ड. गाव तसं शांत. नाही म्हणायला आठव्या हेन्रीसाठी १५४३ मध्ये बांधलेला शिकारीचा लाकडी बंगला तिथे अजून उभा आहे आणि त्याच्या मागून एपिंगचं जंगल सुरू होतं. आपल्या बहुतेक मंडळींची या जंगलाशी ओळख एम २५ वरच्या पाटीपुरतीच. स्टॅन्स्टेडला पाहुण्यांना आणायला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलो की डावीकडची झाडी दिसते, तेवढंच! पण चिंगफर्डपासून दोनेक मैलांवर, याच जंगलाच्या कडेला, एक जागा अशी आहे की जगभरातली लाखो माणसं तिचं नाव आदराने घेतात आणि आपण मात्र इतकी वर्षं लंडनमध्ये राहून तिकडे फिरकलेलो नसतो. तिचं नाव गिलवेल पार्क.

शाळेत बालवीर पथकात असलेल्यांना नाव ऐकून माहीत असेल. स्काउटिंगमध्ये मुलांसाठी जागा पुष्कळ आहेत. गिलवेलचं वेगळेपण असं की ती मोठ्यांसाठी प्रसिद्ध झाली. मुलांना रानात नेणाऱ्या माणसांनी आधी स्वतः रानात राहून शिकावं, ही कल्पना इथे १९१९ साली प्रत्यक्षात आली आणि इथूनच ती जगभर गेली.

जागेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे चिनरी नावाचं कुटुंब राहत असे. यजमान सरकारी तिजोरीत मोठ्या हुद्द्यावर, यजमानीणबाईंना बागेची आणि संगीताची हौस. घरात बड्या बड्या लोकांची ऊठबस. हे सगळं कोणाच्या पैशावर चाललं होतं ते १८१२ मध्ये उघडकीला आलं. सरकारी पैशात प्रचंड अफरातफर! साहेब देश सोडून गेले, इस्टेट हातची गेली. पुढे शंभर वर्षांत अनेक मालक झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला तर वाडा पार मोडकळीला आला होता.

त्याच वेळी स्कॉटलंडमधले एक प्रकाशक, विल्यम डी बॉइस मॅक्लारेन, लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आले असताना त्यांनी तिथली मुलं पाहिली. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, त्याला तेव्हा अवघी दहा-बारा वर्षं झालेली. चळवळ तर वणव्यासारखी पसरली होती, पण ईस्ट एंडच्या गल्ल्यांतल्या पोरांनी तंबू ठोकायचा कुठे? मॅक्लारेन यांनी जागेसाठी ७,००० पौंड दिले आणि दुरुस्तीसाठी वर आणखी ३,०००. एप्रिल १९१९ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जागा साफ करायला पहिली तुकडी आली, तेव्हा इतका चिखल होता की तंबू ठोकणंच अशक्य. रात्र काढली ती माळ्याच्या एका छपरात. त्या छपराला नाव पडलं 'डुकरांचं खुराडं'. ते खुराडं आजही तिथे जपून ठेवलंय. आपल्याकडे असतं तर एव्हाना संगमरवरी फरशी बसली असती! असो.

जुलैमध्ये उद्घाटन झालं आणि ८ सप्टेंबर १९१९ रोजी पहिला वर्ग भरला. विद्यार्थी सगळे मोठे पुरुष. त्यांतले बरेच नुकतेच महायुद्धातून परत आलेले. त्यांना बाकांवर बसवून व्याख्यानं देता आली असती. पण पहिले कॅम्प चीफ फ्रान्सिस गिडनी यांनी त्यांच्या 'पेट्रोल' पाडल्या. (इंधनाशी संबंध नाही. पेट्रोल म्हणजे सात-आठ जणांची टोळी.) प्रत्येक टोळीला मैदानाचा एक कोपरा, एक तंबू, एक चूल. मुलांनी जे करायचं ते सगळं बारा दिवस या बाप्यांनी करायचं. लाकडं फोडायची, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, नायक आळीपाळीने बदलायचा. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण शिस्त म्हणजे कवायत अशी समजूत असण्याच्या काळात हे नवं होतं. मूल कुठे कंटाळतं, कुठे घाबरतं, भुकेजलेल्या टोळीत भांडण नेमकं कधी पेटतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

१९२३ मध्ये गिडनी यांच्या जागी जे आले ते कर्नल जे. एस. विल्सन. हे कोण, तर आपल्या कलकत्त्याच्या पोलीस दलातले अधिकारी! तिथेच त्यांना स्काउटिंगचा नाद लागला. पुढे वीस वर्षं, १९४३ पर्यंत, त्यांनी गिलवेल चालवलं आणि देशोदेशीची माणसं तयार करून परत धाडली. हिंदुस्थानच्या नोकरीतून परत आलेल्या साहेबांबद्दल आपण जे ऐकलेलं असतं त्यात ही कामगिरी सहसा नसते.

आता माझा या सगळ्याशी संबंध कसा आला ते सांगतो. आमची धाकटी कब पॅकमध्ये जाते. कब म्हणजे आठ ते साडेदहा वर्षांची मुलं. १९९१ पासून इथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि २००७ पासून तर सगळ्याच पथकांना तो बंधनकारक झाला. चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी दीड तास. आम्ही आईबाप काय करतो? पोरीला दारात सोडतो, टेस्कोत जाऊन दूध-ब्रेड घेतो आणि दीड तासाने तिला घेऊन येतो. दोन वर्षं असं चाललं. मग एके दिवशी ईमेल आली. दोन लीडर सोडून जात आहेत, एकाची बदली आणि एकीला बाळ झालंय. नवी माणसं मिळाली नाहीत तर ईस्टरनंतर पॅक बंद. चोवीस मुलं आणि शिवाय वेटिंग लिस्टवर तेवढीच. हे फक्त आमच्याच भागात आहे असं नाही. सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून स्काउटच्या प्रतीक्षायादीवर गेल्या काही वर्षांत लाखाच्या आसपास मुलं आहेत. मुलं आहेत, हॉल आहेत, तंबू आहेत. नाहीत ती मोठी माणसं.

सौ. म्हणाली, "तुम्ही जा. तुम्हाला तरी कुठे बॅडमिंटन जमतंय आता!" तर गेलो.

पण 'गेलो' म्हणजे लगेच मुलांसमोर उभा राहिलो असं नव्हे. इथे ती सोय नाही, आणि नाही तेच बरं. आधी पोलीस रेकॉर्डची तपासणी, ती दर पाच वर्षांनी पुन्हा. मग ओळख देणाऱ्यांची पत्रं. मग दोघातिघांनी समोर बसवून गप्पा मारल्यासारखी केलेली मुलाखत. मग कॉम्प्युटरवरचे धडे: सुरक्षितता, बालसंरक्षण, सगळ्यांना सामावून घेणं. बालसंरक्षणाचं नि सुरक्षेचं शिक्षण दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं, प्रथमोपचाराचंही तसंच. खिशात ठेवायला दोन कार्डं मिळतात. पिवळं कार्ड मुलांशी कसं वागायचं त्याचं, जांभळं अपघात झाला तर काय करायचं त्याचं. पिवळ्या कार्डावरची मुख्य गोष्ट अशी की कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने बंद दाराआड असायचं नाही. आमच्या मंडळातले एक स्नेही हे ऐकून दुखावले. "म्हणजे आपल्यावर संशयच की!" म्हणाले. मला तसं वाटत नाही. शाळेत, देवळात, क्लबात, सगळ्या देशांत, मुलांच्या बाबतीत काय काय झालेलं आहे ते आता लपलेलं नाही. माझ्या मुलीला दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवताना हे कार्ड त्याच्याही खिशात आहे, याचा मला आधारच वाटतो.

आणि मग एका शुक्रवारी संध्याकाळी, स्लीपिंग बॅग आणि रबरी बूट घेऊन, गिलवेलला वीकएंड. गेटातून आत गेलं की समोर पांढरा वाडा, व्हाइट हाउसच म्हणतात त्याला. १९२८ साली डॉन पॉटर या कलावंताने कोरलेलं बिबट्यांचं लाकडी प्रवेशद्वार आहे. अमेरिकनांनी दिलेला काशाचा गवा आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात की १९०९ मध्ये लंडनच्या धुक्यात वाट चुकलेल्या एका अमेरिकन प्रकाशकाला एका मुलाने वाट दाखवली, बक्षीस नाकारलं, आणि त्यातून अमेरिकेत १९१० मध्ये स्काउटिंग सुरू झालं. मुलाचं नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून पुतळा त्या अज्ञात बालवीराच्या नावाने. थायलंडच्या स्काउटांनी १९६७ मध्ये दिलेलं छोटं बौद्ध मंदिर झाडीत आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बच्या खड्ड्याचं तळं झालंय आणि त्यात मुलं तराफे चालवतात. या सगळ्यावर मात करणारा आहे तो मैदानाच्या कडेचा ओक. काही शतकांचा जुना, बुंधा असा की आमच्या टोळीतल्या तिघांनी हात धरले तरी कमी पडले. २०१७ मध्ये वुडलंड ट्रस्टने त्याला ब्रिटनचं 'वर्षाचं झाड' म्हणून निवडलं.

आमच्या टोळीत सात जण. एक बस ड्रायव्हर, एक नर्स, एक बांगलादेशी फार्मासिस्ट, शाळेतली एक सेक्रेटरी, एक निवृत्त वायरमन, युनिव्हर्सिटीत शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी आणि मी, अकाउंट्सवाला. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आवाज हळू. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी टोळीचा नायक केला ती त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला. वायरमन आजोबांनी आयुष्यभर तंबू ठोकलेले, त्यांचे हात शिवशिवत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला येतं हे मला माहीत आहे. ती सांगेल तेवढंच करायचं." पाऊस भुरभुरत होता, दोऱ्या गुंतल्या, तंबूला तासभर लागला. आजोबा एका जागी उभे राहून खुंट्या मोजत होते. रात्री चुलीपाशी ते म्हणाले की तंबू ठोकण्यापेक्षा हे फार कठीण. माझ्या मते त्या वीकएंडचा अर्धा अभ्यासक्रम त्या एका तासात झाला.

स्वयंपाक दुसऱ्या दिवशी. इथे चूल जमिनीवर नसते. हिरवळ जळू नये म्हणून कमरेइतक्या उंच लोखंडी ताटावर विस्तव करतात. सॉसेजेस होत्या, सूप होतं. मी दोन वांगी घेऊन गेलो होतो. निखाऱ्यात खरपूस भाजली, सालं काढली, कांदा, मिरची, मीठ आणि थोडं तेल. भरीत पाहून बस ड्रायव्हर आधी दचकला, पण नंतर सरळ डब्यातूनच खाऊ लागला. फार्मासिस्टला काही सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, आमच्याकडे बेगुनभर्ता!

दुपारी बाईंनी एक कागद दिला. चोवीस कब, एपिंगच्या जंगलात दोन तासांची चाल, सोबत तुम्ही तीन मोठी माणसं. एका मुलाला दमा आहे, पंप हॉलवर राहिलाय. मोबाइलला सिग्नल नाही. पाच मिनिटांत बेत सांगा. आम्ही सरसावलोच. पुढे कोण, शेवटी कोण, दर वळणाला डोकी कशी मोजायची, अँब्युलन्स जंगलाच्या कुठल्या गेटने येईल, घरी कोणाला वेळापत्रक देऊन ठेवायचं. सगळे एकदम बोलत होते. नायक मुलगी कागद पुन्हा वाचत होती. ती म्हणाली, "पण आपण निघूच शकत नाही ना?" बरोबर होतं तिचं. बाहेर नेताना दर आठ कबमागे एक मोठं माणूस, आणि त्याशिवाय प्रमुख वेगळा. म्हणजे चोवीस मुलांना चार हवेत. आम्ही तीनच.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. ऑगस्ट २०१८ मध्ये वेल्समध्ये ग्रेट ओर्म नावाच्या समुद्राकाठच्या कड्यावरून एक सोळा वर्षांचा मुलगा पडून गेला. स्काउटबरोबरच सहलीला आलेला. तो आणि त्याचे दोन मित्र मोठ्या माणसांपासून वेगळ्या वाटेने गेले होते. चौकशी वर्षानुवर्षं चालली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने हा मृत्यू बेकायदा ठरवला. बरोबरच्या लीडरांना दोष दिलाच, शिवाय संघटनेच्या हलगर्जीपणावरही ठपका ठेवला. "ज्यांच्यावर ठपका आला ते तुमच्या-आमच्यासारखे मोकळ्या वेळात काम करणारेच होते," बाई म्हणाल्या. चुलीवर किटली ठेवली होती, तिचं पाणी उकळून आटत होतं, कोणी उठलं नाही.

मुलांना रात्री बाहेर मुक्कामाला न्यायचं तर इथे वेगळा परवाना लागतो. इमारतीत झोपायचं असेल तर एक, सोयी असलेल्या कॅम्पसाइटवर दुसरा, मोकळ्या माळावर तिसरा, पाठीवर सामान टाकून भटकंतीला चौथा. प्रत्येक वेळी कोणीतरी जाणता माणूस तुमचं काम प्रत्यक्ष पाहतो आणि मगच सही करतो. आपल्याकडे सह्याद्रीत दर पावसाळ्यात हौशी ग्रुप शंभर-शंभर माणसं धबधब्यावर नेतात, तेव्हा मला या चार पायऱ्यांची आठवण होते. गिर्यारोहणाच्या जुन्या संस्था तिकडेही चोख शिकवतात. प्रश्न असतो तो शिकायला न थांबणाऱ्यांचा.

आता त्या मण्यांविषयी, कारण ते टाळून गिलवेलबद्दल लिहिणं खरं होणार नाही. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी आणि एक स्कार्फ मिळतो. याला म्हणतात वुड बॅज. स्कार्फवर मॅक्लारेन घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा शिवलेला असतो. अख्खा स्कार्फ त्या कापडाचा करणं परवडेना, म्हणून तुकडा. ते मला आवडलं. ज्याने पैसे दिले त्याची आठवण. मण्यांचं मात्र तसं नाही. १८८८ मध्ये इंग्रजांनी झुलूंच्या प्रदेशात मोहीम काढली होती. झुलू राजा दिनुझुलू याची म्हणून सांगितली जाणारी लांबलचक माळ बेडन-पॉवेल तिथून घेऊन आले. १९१९ मध्ये पहिल्या वर्गाला काय द्यावं असा प्रश्न पडला, तेव्हा त्यांनी त्या माळेतले मणी काढून दिले. पुढे अर्थातच ते पुरेनात आणि तसेच नवे मणी बनवले जाऊ लागले. माळ कशी मिळाली याच्या कथा वेगवेगळ्या आहेत.

आपल्या टोळीनायिकेने हा विषय काढला. जून २०२० मध्ये पूल बंदरावरचा बेडन-पॉवेल यांचा पुतळा हलवावा की नाही यावरून रान पेटलं होतं आणि शेवटी भोवती फळ्या ठोकून तो झाकावा लागला, ते तिला आठवत होतं. फार्मासिस्ट म्हणाला, मी घालणार नाही. वायरमन आजोबांच्या गळ्यात ते तीस वर्षांपासूनचे. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. बाईंनी एवढंच सांगितलं की मणी घालायची सक्ती नाही, पण कुठून आले ते मात्र प्रत्येकाने विचारावं. मी गप्प होतो. माझे एक मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, पथक चालवायचे. खरी कमाईच्या आठवड्यात आम्हा पोरांना बाजारात बूट पॉलिश करायला त्यांनीच लावलं. ते एकदा पचमढीला जाऊन आले. तिथे भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ पासून आहे. परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात हेच दोन मणी होते. आपल्याकडे त्याला हिमालय वुड बॅज म्हणतात. गावात त्या मण्यांना भारी मान होता. झुलूंचं नाव ना मामांना ठाऊक ना आम्हाला. माझं प्रशिक्षण पुरं व्हायला अजून काही महिने आहेत. मणी घ्यायचे की नुसता स्कार्फ, हे मी अजून ठरवलेलं नाही. सौ.ला विचारलं तर ती म्हणते, "आधी पुरं तर करा!"

आपल्या मंडळींना एक सांगावंसं वाटतं. गणपतीला दोनशे माणसांचा स्वयंपाक करणारे, नाटकाचा सेट रात्रीतून उभा करणारे हात आपल्याकडे आहेत. मंडळाबाहेरच्या कामात मात्र आपण दिसत नाही. आमच्या भागात कबमध्ये मराठी मुलं पाच, गुजराती आणि तमिळ मिळून दहा-बारा. लीडर म्हणून त्यांच्या आईबापांपैकी गेल्या वर्षापर्यंत एकही नव्हता. वेळ नाही म्हणतात. नर्स बाई रात्रपाळी करून येत होत्या. 'देव'बीव म्हणावं लागेल का, ही शंकाही कोणी कोणी विचारतं. हिंदू मुलांना प्रतिज्ञेत 'माझा धर्म' म्हणायची मुभा पूर्वीपासून आहे, आणि २०१४ पासून धर्म न मानणाऱ्यांसाठीही वेगळी प्रतिज्ञा आहे. पगार नाही, हे मात्र खरं.

गिलवेल पाहायचंच असेल तर आधी फोन करून जावं. मुलांचे कॅम्प चालू असतात, त्यामुळे कुठेही भटकता येत नाही. स्काउट संघटनेचं मुख्यालय २००१ पासून तिथेच आहे. गाडीने गेलात तर एम २५ च्या २६ नंबरच्या जंक्शनला उतरा. ऑक्टोबरमध्ये ओकचा रंग पाहण्यासारखा असतो, पण बूट रबरीच हवेत.

आमचा पॅक ईस्टरनंतर बंद झाला नाही. नर्स बाई, मी आणि आणखी एका मुलाचे वडील, असे तिघे वाढलो. चोवीस मुलं तशीच, वेटिंग लिस्टमधली चार आत घेतली. माझ्या मुक्कामाच्या परवान्याची परीक्षा मे महिन्यात, गिलवेललाच. परीक्षक कोण ते कळलं आहे. त्याच बाई.